साहेबांचा रविवारचा फोन

एका जंगलात एक अस्वल खासदार होतं. कुठलं जंगल ते विचारू नका. तुमच्या घरामागचंच समजा.

आठवडाभर ते राजधानीत सिंहाच्या सभेत डुलक्या काढायचं. रविवारी मात्र गावी येऊन वडाखाली जनता दरबार भरवायचं. सतरंजी, चहा, आणि टाळ्या वाजवायला माकडं. माकडांना चहाबरोबर खारीही मिळायची.

ए पोरांनो, चुळबुळ नको. गोष्ट छोटी आहे.

त्या उन्हाळ्यात ओढ्यात एक भलं मोठं खोड आडवं पडलं. मागं गाळ साचला आणि खालच्या अंगाला थेंब येईना. तिथं एक लावरी राहायची. लावरी म्हणजे मुठीएवढं पाखरू. तिची पिल्लं चोची वासून पडलेली. अजून उडत नव्हती, मग नेणार कुठं?

लावरी दरबारात आली.

"साहेब, तेवढं खोड काढा. पिल्लं मरतील हो."

"अरेरे! ताई, आत्ताच्या आत्ता!" अस्वलानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

ओढ्याचा इंजिनियर होता गवा. खोड हलवायला त्याची एक धडक पुरे होती.

"काय रे ए जाड्या, पगार कशाचा खातोस? उद्या खोड दिसलं तर शिंगं उपटीन!"

"होय साहेब. चुकलं साहेब."

टाळ्या! लावरीचे डोळे भरून आले. खोड तिथंच राहिलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. अस्वल दुप्पट ओरडलं. गवा दुप्पट चुकला. त्याचं जाड कातडं बघूनच त्याला नेमला होता.

हळूहळू सगळं जंगल दरबाराला येऊ लागलं. तहानलेले तर होतेच सगळे, पण येता-जाता बोलायचे ते एवढंच, "आज काय झापला राव त्याला!"

मग तो गवा निवृत्त झाला. त्याच्या जागी दुसऱ्या मुलखातला नवा गवा आला. इथली रीत त्याला सांगायची राहूनच गेली.

रविवारी फोन आला. साहेब कडाडले. बिचारा घाबरला, धावत ओढ्यावर गेला आणि एका धडकेत खोड बाजूला केलं.

पाणी खळाळत खाली गेलं. पिल्लं प्यायली.

पुढच्या रविवारी दरबारात चिटपाखरू नव्हतं, चोचीत फूल घेऊन आलेली लावरी सोडली तर.

"बाकीचे कुठं मेले?"

"पाण्यावर, साहेब. माकडंपण. तुमचीच कृपा."

अस्वलानं रिकाम्या सतरंजीकडं पाहिलं. निवडणूक तोंडावर आली होती. लावरी गेल्यावर त्यानं फोन लावला. या वेळी स्पीकर बंद.

"अरे गाढवा, खोड कुणी काढायला सांगितलं?"

"साहेब, तुम्हीच ओरडलात ना?"

"मी ओरडलो लोकांसाठी! तू कशाला मनावर घेतलंस?"

सोमवारी खोड पुन्हा जागेवर आलं. मंगळवारी गव्याची बदली झाली, जिथं ओढाच नाही अशा टेकडीवर. हुद्दा मात्र तोच, ओढ्याचा इंजिनियर.

पुढच्या रविवारी सतरंजी पुरेना. लावरीही आली.

"साहेब, धाकटं गेलं. राहिलेली तरी वाचवा."

अस्वलानं चहा बाजूला ठेवला. सगळ्यांना उभं करून त्यानं श्रद्धांजली वाहिली. मग तिसऱ्या गव्याला फोन लावला. याला रीत आधीच सांगून ठेवली होती. अस्वल असं ओरडलं, असं ओरडलं, की वडाची पानं गळाली. टाळ्या थांबेनात.

लावरी डोळे पुसत शेजारच्या सशाला म्हणाली, "आपल्यासाठी एवढं कोण ओरडतंय, भाऊ?"

आणि मत त्यालाच दिलं.

तात्पर्य : साहेब ओरडला म्हणून लगेच कामाला लागू नये. फोन स्पीकरवर आहे का, ते आधी विचारून घ्यावं.