रिकामं परत करू नये

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या घरात डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून शुभाने तीसेक बिअरचे मग पालथे घातले होते. जाड काचेचे, दणकट कानाचे मग. प्रत्येकावर लाल रंगाने एकेक नाव रंगवलेलं. फ्रँक, वॉल्टर, लिओ आणि असेच आणखी. लिंबू आणि सोड्याने घासल्यावर काही नावं शुभाला पहिल्यांदाच वाचता आली होती.

"अरे शशी, हे लोक मग कधी घासतच नव्हते का?"

"विसळायचे," शशिकांत म्हणाला.

"विसळायचे!" शुभाने आणखी एक लिंबू चिरलं.

हे मग शेजारच्या वूस्टर शहरातल्या 'कीनन्स' या पबचे होते, आणि कीनन्स आता शशिकांतचा होता. त्या रस्त्यावर एके काळी चार पब होते. एकाचा योगा स्टुडिओ झाला, एकात आता कुत्र्यांचे केस कापतात आणि अगदी समोरच्या 'मलिगन्स'मध्ये बबल टी मिळतो. कीनन्सचा म्हातारा मालक डेनिस थकला, तेव्हा तिथे कुऱ्हाडी फेकण्याच्या खेळाचं दुकान काढायला एक कंपनी टपूनच बसली होती. शशिकांतने आपली पुंजी आणि नोकरीतून निघताना मिळालेले पैसे एकत्र केले आणि पब विकत घेतला. तो स्वतः फार तर एक बिअर प्यायचा, तीही संपवायचा नाही. मराठी मंडळातल्या मित्रांना त्याचं डोकं फिरलंय असं वाटलं.

कारण फक्त शुभाला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी शशिकांतची नोकरी गेली तेव्हा बरेच दिवस त्याने घरी सांगितलं नव्हतं. सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा आणि कीनन्समध्ये खिडकीशी बसून अर्ज पाठवायचा. डेनिसने एकदाही काही विचारलं नाही. दुपार झाली की टोमॅटो सूपचा बाऊल समोर ठेवायचा आणि निघून जायचा. ते सूप पिऊन आपण माणसात राहिलो, असं शशिकांत पुढे शुभाला म्हणाला होता. त्यामुळे खरेदीच्या वेळी त्याने डेनिसचा हात हातात घेऊन शब्द दिला, "मी इथलं काहीही बदलणार नाही."

डेनिस फ्लॉरिडाला बहिणीकडे निघून गेला. लायसन्स नावावर होईपर्यंत पब काही आठवडे बंद राहणार होता. बारमध्ये काम करणारी पेग त्या काळात मेन राज्यात आपल्या मुलीकडे गेली. आणि शुभाने साफसफाईला हात घातला.

बारच्या वर खुंट्यांवर टांगलेले मग तिला तेव्हा दिसले. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे ते स्वतःचे मग होते. पण विक्रीच्या करारात टेबलं होती, स्टूल होती, तळणाचं मशीनसुद्धा होतं; मग कुठेच नव्हते. शशिकांतने बॉस्टनला वकिली करणाऱ्या मुलीला फोन लावला.

"बाबा, इफ इट्स नॉट इन द कॉन्ट्रॅक्ट, इट्स नॉट युवर्स," आन्या म्हणाली. "जस्ट गिव्ह इट बॅक."

"बरोबर आहे," शुभा म्हणाली. "लोकांची भांडी आपल्याकडे कशाला? घासूनपुसून ज्याची त्याला देऊन टाकू. उद्घाटनाला येताना घेऊन येतील."

"डेनिसला एकदा विचारू का?"

"चार मगांसाठी त्या म्हाताऱ्याला कशाला छळतोस?"

इथवर कोणाचंच काही चुकलं नव्हतं. पुढचं पाऊल तर शुभाच्या आईने, आजीने आणि त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी ठरवून ठेवलेलं होतं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. शुभाने बेसन भाजायला घेतलं. प्रत्येक मगात दोन लाडू बसले. काच फुटू नये म्हणून मग वर्तमानपत्रात गुंडाळले आणि वर एकेक कार्ड लावलं. इंग्रजी मजकूर शशिकांतने स्वतः तयार केला: इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल मनापासून आभार.

डेनिस नाताळला सगळ्यांना कार्डं पाठवायचा, ते पत्ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. शनिवारी दोघं गाडी घेऊन घरोघर फिरले. बहुतेक जण घरी नव्हते. मग दारात ठेवून दोघं पुढे गेले. एकच मग उरला. त्यावर 'सूप' असं लिहिलं होतं. त्या नावाचं कोणी नव्हतं आणि पत्ताही नव्हता.

"हा सूपचाच असणार," शुभा म्हणाली आणि त्यात पाणी घालून कोथिंबिरीची जुडी खोचली. किचनच्या खिडकीत मग छान दिसायला लागला.

उद्घाटन गुरुवारी दुपारी होतं. शशिकांतने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बारवर सामोसे होते, कारण सामोसे म्हणजे बदल नव्हे, असं शुभाचं मत होतं. दार उघडलं. कोणी आलं नाही. आणखी थोडा वेळ गेला. एक माणूस आला, त्याला बाथरूम हवी होती.

"ट्रॅफिक असेल," शशिकांत म्हणाला.

"चालत येणाऱ्यांना कसला ट्रॅफिक?"

तेवढ्यात पेग आली. कोट काढता काढता तिची नजर वर गेली आणि हात बाहीतच अडकला. "मग कुठे आहेत?"

"परत केले," शशिकांत अभिमानाने म्हणाला. "ज्याचे त्याला."

पेग जवळच्या स्टुलावर बसली. "शॅशी, डेनिसच्या बापापासून इथे एक पद्धत आहे. कोणाला कायमचं बाहेर काढायचं असलं की आरडाओरडा नाही, भांडण नाही. त्याचा मग त्याच्या दारात ठेवायचा. वर्तमानपत्रात गुंडाळून."

"वर्तमानपत्रात?" शुभाने विचारलं.

"तशी वेळ माझ्यासमोर दोनदाच आली. एकाने आग लावली होती. किती जणांना दिले तुम्ही?"

"सगळ्यांना."

"नुसतेच ना? चिठ्ठी वगैरे नाही ना ठेवली?"

शशिकांतने कार्डावरचा मजकूर सांगितला. पेगने डोळे मिटले. "लिओलाही दिला?"

"तो घरी नव्हता."

"नसणारच. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्याच्या बायकोला, आयलीनला, त्याचा मग खुंटीवर हवा होता म्हणून डेनिसने तो कधी काढला नाही."

शशिकांत खाली बसला. कुऱ्हाडीवाल्या कंपनीनेही एवढं केलं नसतं. काही बदलणार नाही असा शब्द देऊन त्याने कीनन्समधली सगळी माणसंच काढून टाकली होती, आणि तीही आभार मानून.

"ते सगळे कुठे असतील आता?" त्याने विचारलं.

पेगने खिडकीतून समोर बोट दाखवलं.

बबल टीच्या दुकानात गुलाबी खुर्च्यांवर कीनन्सचं अख्खं गिऱ्हाईक कोंबून बसलं होतं. निवृत्त अग्निशामक फ्रँक, ज्याला दारातून तिरकं होऊन आत यावं लागतं, तो जाड स्ट्रॉमधून साबुदाण्याची गोळी ओढण्याचा प्रयत्न करत होता. शशिकांत आणि शुभा आत आले तशी त्याने गोळी गिळली.

"मी काय केलं तेवढं सांग," फ्रँक म्हणाला. "छत्रीचं कळलं का तुला?"

"कोणती छत्री?"

फ्रँकने पुन्हा स्ट्रॉला तोंड लावलं. वॉल्टर घाईघाईने म्हणाला, "डार्टबोर्डमागचं भोक मी पाडलेलं नाही. म्हणजे, एकट्याने नाही."

"आणि त्या ज्यूकबॉक्सला लाथ मारली की तो फुकट वाजतो, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं," मागून कोणी तरी कबूल केलं.

"थांबा!" शशिकांत म्हणाला. "कोणाला काढलेलं नाही. आम्हाला पद्धत माहीत नव्हती. मग तुमचे होते म्हणून दिले. तुम्ही परत आणाल असं वाटलं."

"मग त्यात साबण का ठेवलास?" वॉल्टरने विचारलं. "मी दोन दिवस त्याने अंघोळ करतोय. फेसच येत नाही."

शुभाने कपाळावर हात मारला. "अहो, लाडू होते ते! खायचे!"

कोपऱ्यात आयलीन बसली होती. मांडीवर लिओचा मग होता, वर्तमानपत्र अजून तसंच. ती शुभाकडे बघून म्हणाली, "मी उघडलाच नाही. मेलेल्या माणसाला कोणी बाहेर काढत नाही, एवढंच मनात येत होतं. खायचं का ठेवलं होतं त्यात?"

शुभाने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या इंग्रजीत ही गोष्ट कधी सांगायची वेळ आली नव्हती. "आमच्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. बरं दिसत नाही."

आयलीनने सावकाश कागद सोडवला. लाडू हातात घेतला, वास घेतला आणि एक घास खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"माझी आई आयर्लंडहून आलेली," ती म्हणाली. "शेजारणीची ॲपल-पायची डिश मी एकदा तशीच परत दिली, तर आईने मला पावसात पुन्हा पाठवलं होतं. सहा बटाटे घेऊन." मग ती बाकीच्यांकडे वळली. "मूर्खांनो, हिने आपल्याला हाकललेलं नाही. खाऊ पाठवलाय. आणि वॉल्टर, तू तो काखेत चोळलास!"

दुकानात हशा पिकला. फ्रँक उठला आणि खुर्ची त्याच्याबरोबर उठली. "चला, सगळे आपापले मग घेऊन या," तो म्हणाला.

"पण रिकामे नाही!" आयलीन ओरडली.

संध्याकाळ व्हायच्या आत कीनन्स भरून गेला. फ्रँकच्या मगात त्याच्या परसातले टोमॅटो होते. वॉल्टरने बायकोचा केळ्याचा ब्रेड कोंबून आणला होता, वर अर्धा उरलेला लाडू होता, त्याबद्दल कोणी चौकशी केली नाही. एका मगात मासेमारीचे गळ होते, कारण मालकाच्या घरात दुसरं काही नव्हतं. बारवर भरलेल्या मगांची रांग लागली आणि बिअर प्यायला एकही मग मोकळा राहिला नाही. पेगने साधे ग्लास काढले.

"आता हे सगळं मी घरी नेऊन रिकामं करणार," शुभा शशिकांतला हळूच म्हणाली, "आणि मग परत द्यायचे कसे?"

"बेसन आणू," शशिकांत म्हणाला.

आयलीनने लिओचा मग आपल्या हाताने खुंटीवर लावला. तिने तो रिकामा कसा केला हे सांगायला नको, तिच्या ओठांना बेसन लागलं होतं. बाकीचे मग अजून बारवर होते, पण लिओच्या शेजारच्या खुंटीचा मग तिथेही नव्हता. फ्रँकने त्या खुंटीकडे पाहिलं.

"सूपचा मग कुठे आहे?"

"तो होय," शशिकांत म्हणाला. "त्या नावाचं कोणी सापडलं नाही. आमच्याकडेच राहिला. त्यात कोथिंबीर आहे."

पेग मान खाली घालून ग्लास पुसत राहिली.

"खिडकीशी लॅपटॉप घेऊन एक जण बसायचा," फ्रँक म्हणाला. "कोणाशी बोलायचा नाही. नाव माहीत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला सूप म्हणायचो. त्याला नोकरी लागली त्या दिवशी डेनिसने त्याचा मग रंगवून वर लावला. त्याने कधी मान वर करून बघितलंच नाही."

शशिकांतने मान वर केली. लिओच्या शेजारची ती मोकळी खुंटी बघितली.

"म्हणजे बघ," वॉल्टर म्हणाला, "आमचे सगळ्यांचे परत आले. नियमाप्रमाणे या पबमधून बाहेर काढलेला आता एकच माणूस उरला. मालक."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक आपला मग घेऊन कीनन्सच्या दारात उभा राहिला. शुभाने त्यात वाफाळतं टोमॅटो सूप भरून दिलं होतं, वर कोथिंबीर. भरलेला मग खुंटीवर टांगता येत नाही, म्हणून तो खिडकीशी जाऊन बसला आणि शेवटच्या घोटापर्यंत सूप प्यायला. मग तसाच उठून खुंटीकडे निघाला.

"अहो सूप," फ्रँक बारवरून म्हणाला, "निदान विसळा तरी!"