गाड्यांचं माहेर

आमी दोघांनी शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. संध्याकाळी, गॅलरीत. मी काड्या भाजीत टाकत होतो, पानं कचऱ्यात, आणि शेवंता, आमची बायको, समोर डेपोत आलेल्या मेट्रोच्या गाडीवर तापली होती. "बघा, आली परत कण्हत. सासरी नीट ठेवली न्हाई."

मग मधेच म्हणाली, "मी आधी गेले तर मला माहेरचं लुगडं कोण आणंल ओ?"

आमच्यात सवाष्ण गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवून नेतात. हिला माहेरच नाही. आईबाप लहानपणी गेले, भाऊ नाही. लग्न लावून देणारा चुलताही गेला.

मी म्हटलं, "आधी मर तर खरी."

ती हसली. आमी असंच बोलायचो.

जुईनगरात आमच्या बिल्डिंगसमोर मेट्रोचं स्टेशन होतं. चढायला माणूस मिळेना म्हणून बंद केलं आणि तिथं गाड्या दुरुस्तीचा डेपो काढला. ठोकाठोकीनं सगळी सोसायटी बोंबलली. एकटी शेवंता खूश. म्हणाली, "दमलेल्या लेकी माहेराला येत्यात. तुमाला काय टेन्शन?" तेव्हापासून दुरुस्तीला आलेली गाडी म्हणजे माहेरवाशीण.

एकदा तिळाच्या तेलाची बाटली घेऊन डेपोच्या गेटवर गेली. तिथं गौतम मिस्त्री, परभणीकडचा, टकला, भला माणूस.

"आजी, ही गाडी विजेवर चालते."

"मी भाकरीवर चालते. म्हणून माज्या गुडघ्याला तेल लागत न्हाई व्हय?"

बाटली तिथंच ठेवून आली. मिस्त्र्यानं ते तेल स्वतःच्या कंबरेला चोळलं. कंबर सुधारली. शेवंतानं ते यश गाडीच्या खात्यावर लावलं.

बुधवारी गाडी बाहेर काढली की मात्र बाई खवळायची. बुधवारी लेक सासरी धाडू नये. गॅलरीतून ओरडायची, "ओ मिस्त्री! जाशील बुधी, तर येशील कधी! आज नका धाडू तिला!"

"साहेब ऐकत नाहीत, आजी!"

"मग साहेबाला धाडा वर, माज्याकडं!"

"अन् परत आली नाही तर बरंच की! दुरुस्त केलेली गाडी परत येऊ नये, त्याचाच तर पगार घेतो आमी!"

यावर शेवंता दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. "लेक परत येऊ नये म्हणतो मेला. असलं कसलं माहेर!" तिसऱ्या दिवशी त्याला मेथीचे पराठे धाडले. नेऊन द्यायला मी.

त्या मेथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेला. शेजारच्या बायका जमल्या. हळद-कुंकू काढलं, पाणी तापवलं. मग एकीनं विचारलं, "माहेरचं कोण येणार?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

मी चपला घातल्या आणि डेपोत गेलो. मिस्त्री गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते. मी पायाशी उभा राहून म्हटलं, "बाहेर ये. तुझी बहीण गेली. हिरवं लुगडं आण."

तो सरपटत बाहेर आला. काही वेळ फडक्यानं हातच पुसत राहिला. आजवर मला आजोबा म्हणायचा.

"दाजी," तो म्हणाला, "नऊवारी का सहावारी?"

"नऊवारी," मी म्हटलं, आणि तिथंच रुळाशेजारी खाली बसलो.