इनासदादाची मेडिकल

नाताळच्या केकचा तुकडा नाकाशी धरून, डोळे मिटून, "फादर, यात रम किती?" असं भर अंगणात विचारणारा माणूस आमच्या गावात एकच. केक फादरांनी स्वतः आणला होता. ते बिचारे म्हणाले, "वासापुरती असेल रे, इनास." तेवढं पुरलं. इनासदादाने तुकडा माझ्या बशीत ठेवला. "तूच खा. तुला कुठे विमानं उतरवायचीत?"

मला खरंच विमानं उतरवायची नसतात. मी माणिकपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. इनासदादा माझा चुलतभाऊ, शेजारच्याच घरात राहतो आणि विमानतळावर कंट्रोलर आहे. कानाला हेडफोन लावून तो वैमानिकांना कोणी किती उंचीवर राहायचं, कोणी आधी उतरायचं ते सांगतो. या कामाला माणूस ठणठणीत लागतो, म्हणून ठरावीक काळाने त्याची मेडिकल होते. डोळे, कान, रक्तदाब, साखर, सगळं तपासतात. पास झाला तर हेडफोन, नाहीतर घर. "अनफिट" हा शब्द आमच्या गावात शिवीसारखा वापरतात तो त्याच्यामुळेच.

आमच्याकडे लग्नात टोस्ट होतो, सगळे ग्लास उंचावतात. इनासदादाही उंचावतो आणि न पिता माझ्या हातात देतो. वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याची वाइन मी पीत आलोय. आता त्याची साखर नॉर्मल आहे आणि माझी नाही. कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला गेलो तेव्हा मी हेही सांगितलं. जाळीपलीकडून दबका खोकला ऐकू आला. मला वाटतं, फादर हसत होते.

वैमानिकाला काही सांगितलं की तो तेच परत बोलून दाखवतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. दादाने हा नियम गावालाही लावला. मासळीवाल्या काकूंना तो म्हणायचा, "दोन वाटे बोंबील, एक वाटा कोलंबी. परत बोला."

"माज्या पाटीतलं पानी गळतंय नि हा शाळा घेतोय!" काकू करवादायच्या. "मेल्या, घे नि जा."

"परत बोलल्याशिवाय नाही."

काकू परत बोलायच्या. त्यात दादासाठी दोन-चार विशेषणंही घालायच्या.

मेडिकल जवळ आली की त्याला रंग ओळखण्याचा सराव हवा असायचा. त्यासाठी चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेइतकी सोयीची जागा नाही. पुढच्या बाकावरच्या बायकांच्या साड्या बघत तो पुटपुटायचा, "मोरपिशी... डाळिंबी... पोपटी." मार्थावहिनी, त्याची बायको, कोपराने ढोसायची. एकदा पोपटी साडीतल्या बाईंनी वळून पाहिलं. एरवी अखंड बोलणारी वहिनी त्या दिवशी घरी जाईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही, हा विक्रम होता.

पण खरी काळजी रक्तदाबाची. मेडिकलच्या आधी महिनाभर तो कोणाशी भांडत नसे. हे पलीकडच्या वाडीतल्या बस्त्यावला पक्कं ठाऊक. बस्त्याव नेमका त्याच महिन्यात आपलं कुंपण वीतभर दादाच्या वाडीत सरकवायचा. दादा ओट्यावरून बघायचा, दीर्घ श्वास घ्यायचा आणि आत जायचा. मेडिकल पास होऊन आला की मात्र कपडे न बदलता थेट कुंपणावर. महिनाभराची साठवण एका दमात बाहेर. अख्खी आळी ऐकायला जमायची. बस्त्याव शांतपणे कुंपण मागे घ्यायचा आणि विचारायचा, "फिट ना? अभिनंदन."

गेल्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपासकाळात, मार्थावहिनी गेली. सकाळी वाडीत केळीला पाणी लावलं, दुपारी छातीत दुखतंय म्हणाली आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं. मुलंबाळं नव्हती. दादाने लांब रजा घेतली.

रजा संपत आली आणि मेडिकलची वेळही आली. गावाचं एकमत होतं की इनास कामावर गेला तरच सावरेल. त्याच्याकडे आता दुसरं होतं काय? काकू न मागता सगळं परत बोलू लागल्या. बस्त्यावने त्या महिन्यात कुंपण वीतभर स्वतःच्या वाडीत सरकवलं. दादाचं लक्षच गेलं नाही, तेव्हा मला भीती वाटली.

त्याच्याबरोबर मुंबईला मी गेलो. रक्तदाब उत्तम. साखर, कान, डोळे, हृदयाचा आलेख, सगळं उत्तम. डॉक्टर वयस्क होते. सहीसाठी पेन उघडत त्यांनी सहज विचारलं, "झोप वगैरे?"

"एकदम छान!" मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

"नाही, डॉक्टर," दादा म्हणाला. "बायको गेल्यापासून झोप लागत नाही. पहाटे जरा डोळा लागतो, तेवढंच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, तूर्तास अनफिट. उपचार घ्या, झोप येऊ लागली की पुन्हा या.

माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर आलो. तिथे मला राहवलं नाही. "दादा, गप्प बसला असतास तर सही झाली होती."

"हो ना."

"मग?"

"वर विमानात जो बसलाय ना, त्याला मी दिसत नाही," दादा म्हणाला. "नुसता आवाज ऐकतो. हा माणूस बरा असणार, एवढं धरून चालतो. त्याला कसं फसवू?"

मला माझं "एकदम छान" आठवलं आणि रस्त्यात उभं राहवेना. मी त्याला जेवायला आमच्याकडेच घेऊन आलो.

जेवण झाल्यावर तो खुर्चीत बसला. माझ्या बायकोने, रेजिनाने, काय झालं ते विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. झालं, तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "डॉक्टरांसमोर खोटं? मास्तर ना तुम्ही? पोरांना काय शिकवता?"

मी मान खाली घातली. दादा म्हणाला, "बोल, रेजिना, बोल. मार्थाही अशीच बोलायची. अंथरुणावर पडल्यावरसुद्धा. मी ऐकत नाही म्हणून चिडायची. अगं, ऐकता ऐकताच मला झोप यायची. आता घरात नुसतं शांत असतं."

रेजिना पुन्हा माझ्याकडे वळली. वाढत्या साखरेवर आली, त्यावरून केकवर, केकवरून तिच्या भावाच्या लग्नात मी घातलेल्या गोंधळावर. मध्येच मी पाहिलं तर दादाची मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. तो घोरत होता.

रेजिनाने आवाज एकदम खाली आणला. दादा खुर्चीत चुळबुळला. मी घाईघाईने हाताने खूण केली, चालू ठेव.

"संपलं की सगळं," ती कुजबुजली.

"पाणी गळणारा नळ," मी सुचवलं. "तुझ्या आईला विसरलो होतो स्टेशनवर, ते. आणि त्या वर्षीची घरपट्टी मी भरायला विसरलो..."

तिने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात नळापासून सुरुवात केली. त्यातलं सगळं खरं होतं. मी प्रत्येक वाक्याला मान हलवत, दादाच्या पायांवर चादर घातली.