राघोभाऊचा एम. ए.

आमच्या राघोभाऊच्या हाती पंगत पडली, की वाढणं शेवटच्या पानापासून सुरू. व्याही मंडळी वरच्या टोकाला ताठ बसलेली, त्यांच्या पत्रावळीवर माशा, आणि गोठ्याजवळच्या गुराख्याच्या पानावर वरणाची धार. एकदा एक वरबाप चिडला, "आमी का उपाशी उठावं?"

राघोभाऊ शांतपणे म्हणाला, "आधी शेपूट, मंग तोंड. तोंडवाल्याले कोनी इसरत नाही."

हा त्याच्या कामाचा नेम. तो गावतलावाचा पाणकर. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी केव्हा सोडायचं ते तो ठरवायचा, आणि पाळी, त्याच्या तोंडी पारी, धरायचा ती सगळ्यात खालच्या बांधीपासून. मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ, पण माझी बांधी वरची. माझा नंबर शेवटीच यायचा. असा माणूस दहा गावांत नव्हता, हे मी दोन वर्ग शिकलेला माणूस छातीवर हात ठेवून लिहितो.

आमचं गाव सालेकशाकडचं. गावाच्या टोकाच्या घरचा नामदेव गोंदियाला राहून बी. ए. झाला. बाप नव्हता, आई लोकांच्या बांधीत रोवणा, म्हणजे भातलावणी, करायची. पोरगा म्हणाला, आता नोकरी पाहतो.

राघोभाऊनं विचारलं, "याच्यावर काही आहे का बे?"

"एम. ए. आहे, मोठेबाबा."

"मंग अर्ध्या पारीवर काऊन थांबून राहिला?"

झालं. गावानं एम. ए. करायचं ठरलं. हो, गावानंच. बोर्डिंगात एम. ए.ची पोरं हातानं रांधायची, म्हणून राघोभाऊनं पाण्यासारखी तांदळाची पाळी लावली. प्रत्येक घरानं पायली द्यायची, आणि दर शनिवारी हा पोतं घेऊन गाडीनं गोंदियाला. आता गंमत ऐका. कोणाचा तांदूळ नवा, कोणाचा जुना, कोणाचा जाड, कोणाचा बारीक. हे एका भांड्यात धड शिजत नाहीत, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. राघोभाऊही जाणत होता. पण उद्या कोणी म्हणू नये, नामदेव माझ्या तांदळावर शिकला. म्हणून सगळा एकाच पोत्यात ओतायचा. "एका गावाचा एक ढीग!"

वर्ष गेलं आणि नामदेव नापास झाला.

तो गावाकडे फिरकलाच नाही. पारावर पाटील म्हणाले, "पोट्टा नापास झाला. आता तांदूर कायले द्याचा?"

राघोभाऊ उठला. "मांगच्या साली तलाव अर्धाच भरला होता. तुमी तलावाचा बांध फोडला का, पाटील?"

तांदळाची पाळी चालूच राहिली. मी भावाच्या अभिमानानं मनात ताठ झालो. शनिवारी त्याच्यासोबत मीही गाडीत बसलो.

बोर्डिंगात नामदेवचं गाठोडं बांधून तयार. बिडीच्या कारखान्यात मुनशी होणार होता. आम्हाला पाहून त्यानं मान खाली घातली. "मोठेबाबा, गावाचा तांदूर आता कोन्त्या तोंडानं खाऊ?"

राघोभाऊनं अभ्यासाचं नावही काढलं नाही. चूल पेटवली, पितळी गंज चढवला, स्वतः भात रांधला. आम्ही तिघे जेवायला बसलो. अर्ध्या भाताचा गिच्चा झालेला, अर्धा दातांत कचकच वाजे. राघोभाऊचा घास तोंडातच थांबला.

"असाच शिजते का रे रोज?"

"होय."

"सालभर? अन् सांगितलं काऊन नाही मले?"

"सांगितलं असतं तर तुमी एखाद्या घरचा बंद केला असता. गावाचा आहे ना."

राघोभाऊनं समोरचा भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. मग एकदम हसला. "लेका, जो हे पचवून राहिला, त्याले एम. ए. कायचं जड! सोड ते गाठोडं."

गाठोडं सुटलं. पुढच्या शनिवारपासून पोतं एकच, पण आत घराघराची पुरचुंडी वेगळी.

नामदेव पास झाला, आणि मग पुढची परीक्षाही. आमच्या भागातला पहिला एम. ए. पाटलांनी डफ वाजवले, आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच सांगत होते की पोट्टा आमचा. मग त्याला अमरावतीकडे प्रोफेसरी मिळाली. आईला घेऊन तो गेला. स्टेशनवर राघोभाऊ त्याला म्हणाला, "जाय. पानी अडवून ठेवाचं नसते."

गावात तांदळाची पाळी बंद झाली. पण शनिवार आला आणि राघोभाऊ अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून निघाला. हातात आमच्याच घरच्या तांदळाची पुरचुंडी. त्याला मूलबाळ नव्हतं, वहिनी केव्हाच गेलेली. मीही मागोमाग गोंदियाच्या गाडीत बसलो.

बोर्डिंगात नामदेवच्या खोलीत एक काळासावळा, बारीक पोरगा चूल फुंकत होता. देवरीकडचा असावा. धुरानं डोळे पुसत त्यानं विचारलं, "कोनाकडं आले, बाबा?"

राघोभाऊ उंबऱ्यात उभा. ज्याच्याकडं यायचं, तो तर अमरावतीला.

मग त्यानं जोडे काढले, पुरचुंडी चुलीजवळ ठेवली आणि म्हणाला, "तुयाकडंच."