नांगर घेऊन या

सुनीलने त्या शनिवारी एकच गोष्ट ठरवली होती: बायकोला उलट प्रश्न विचारायचा नाही.

ठरवणं सोपं नव्हतं. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर असल्यामुळे प्रश्न विचारणं हा त्याचा धंदाच होता. कुणी बोल्ट मागितला तर कुठल्या मापाचा, कशासाठी, आधीचा कुठे गेला, हे विचारल्याशिवाय त्याचा हात कपाटाकडे जात नसे. घरीही तेच. "अहो, मी कोथिंबीर मागितली की तुम्ही चौकशी आयोग बसवता," असं ज्योत्स्ना म्हणाली आणि ते त्याला चांगलंच लागलं.

म्हणून धरणावरून तिचा फोन आला, "उद्या येताना नांगर घेऊन या. मुंबईहून यायचा होता, तो काही आला नाही. कुठूनही मिळवा, पण चांगला जड बघा," तेव्हा तो फक्त म्हणाला, "आणतो."

ज्योत्स्ना आर्किटेक्ट. बाकीचे गंगापूर रोडवर टॉवर चढवत होते आणि ही बाई धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांसाठी तरंगतं घर आखत बसली होती. पाणी चढलं की काठावरची झोपडी मोडून वर न्यायची, उतरलं की पुन्हा खाली, ही त्या लोकांची दरसालची कटकट. हिचं घर पाण्याबरोबर चढणार आणि पाण्याबरोबरच उतरणार. खाली बंद ड्रम, वर बांबू, गुंडाळता येतील अशा चटईच्या भिंती, छपरावर सोलर, तळाशी पाण्याची टाकी आणि बाजूला तरंगत्या वाफ्यात मेथी-पालक. सुनीलला बायकोचं इतकं कौतुक की कारखान्यात चहाच्या वेळी तो तिचं ड्रॉइंग लोकांना समजावून सांगत असे. (बऱ्याचदा ते उलटं धरलेलं असे, पण कौतुक सरळ होतं.)

रविवारी परीक्षा होती. वस्तीतल्या सगळ्यात जाणत्या अक्काबाई घर बघायला येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर पावसाच्या आत सगळ्यांसाठी अशी घरं. नाही म्हणाल्या तर पुन्हा झोपड्यांची मोडतोड आणि ज्योत्स्नाचे सगळे कष्ट पाण्यात. तेही अक्षरशः.

नांगर कशाला, याचं उत्तर सुनीलने स्वतःच काढलं. मेथी लावायची तर आधी नांगरायला नको? शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे काय फोनवर विचारावं लागतं! तो तडक लासलगावजवळ गावी गेला. ट्रॅक्टर आल्यापासून देवरामकाकांचा लोखंडी नांगर गोठ्यात गंजत पडला होता.

"आरं, पन पान्यावर काय नांगरनार तुम्ही?" काकांनी विचारलं.

"काका, डिझाइन ज्योत्स्नाचं आहे."

"आस्सं व्हय. मंग आसंल कायतरी," काका म्हणाले आणि स्वतः एका बाजूने हात लावायला उठले. सूनबाईच्या हुशारीवर त्यांचा पुतण्यापेक्षा जास्त भरवसा होता.

कांद्याच्या रिकाम्या पिकअपमधून नांगर धरणावर उतरला. ज्योत्स्ना त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

"हे काय आहे?"

"नांगर. चांगला जड बघितलाय."

"अहो, होडीचा नांगर! पाण्यात टाकायचा!"

"होडीला नांगर असतो?"

"मग होड्या काय हँडब्रेक लावून उभ्या करतात?"

(खरं तर दोष भाषेचा. समुद्रकाठी नांगर म्हटलं की जहाज थांबतं, निफाड तालुक्यात म्हटलं की बैल चालायला लागतात. पण ही बाजू ऐकून घ्यायला तिथे कुणी नव्हतं.)

तेवढ्यात अक्काबाई काठी टेकत आल्या. मागे त्यांची सून चंद्रभागा आणि निम्मी वस्ती. ज्योत्स्नाने क्षणभर नांगराकडे बघितलं. "जड तर आहे. बांधा दोर," ती म्हणाली.

सगळे घरात चढले. होड्यांनी घर ओढून आत नेलं, नांगर बुडाला, होड्या परतल्या. चंद्रभागेने नव्या चुलीवर चहा ठेवला आणि दुपारचा वारा सुटला.

नांगर म्हणून जन्माला आलेली ती वस्तू. तिला खाली मऊ गाळ लागला आणि तिने जन्मभर केलं तेच सुरू केलं. पुढे जुंपलेलं घर, मागे नांगर, धरणाच्या तळाला नांगरटीचा एक सरळ तास पडत चालला.

"घर चाललंय!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे एका बाजूला धावले. घर जरासं कललं आणि पुन्हा सरळ झालं.

घाबरली नाही ती एकटी ज्योत्स्ना. "आता सगळे त्या बाजूला जा बरं," ती शांतपणे म्हणाली. सगळे गेले. घर पुन्हा कललं, पुन्हा सरळ. "टाकी तळाला भरलेली आहे. उलटणार नाही. आता या दोन्ही भिंती गुंडाळा, वारा आरपार जाऊ दे." लोकांनी चटया वर घेतल्या. वारा एका बाजूने शिरला, दुसरीकडून निघून गेला आणि घराचा वेग बैलगाडीवर आला. चुलीवरच्या चहाचा थेंब सांडला नव्हता. त्या क्षणी सुनीलला बायकोचा इतका अभिमान वाटला की त्याचे डोळे भरून आले.

पुसता मात्र आले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. पहिला बांबू करकरला तेव्हाच छप्पर खाली येणार, अशी त्याची खात्री पटली होती. घराच्या बरोब्बर मधोमध उभं राहून, दोन्ही तळवे वर लावून, त्याने ते पेलून धरलं होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

घर हळूच पलीकडच्या काठाला टेकलं. अक्काबाईंनी चहा संपवला, जमिनीवर काठी आपटून बघितली, वाफ्यातली मेथी खुडून चावली.

"घर पास," त्या म्हणाल्या. "पान्यावर चाललं, लोकं पळाली, तरी च्या सांडला नाय. समद्यांना आसंच बांध, पोरी."

ज्योत्स्नाने त्यांच्या पायाला हात लावला.

"फकस्त येक बदल कर. त्यो मधला खांब काढ. लय जागा खातो."

"अक्का, मध्ये खांब नाहीच आहे."

"मंग ह्यो काय हाय?" म्हणत अक्काबाईंनी काठीने सुनीलच्या पोटावर टकटक केलं.

ज्योत्स्नाने वळून बघितलं. सुनील अजून छप्पर पेलून उभा होता.

"तो माझ्या डिझाइनमधला नाही, अक्का," ती म्हणाली. "माहेरच्यांनी बसवून दिलाय."