विमा उतरवलेला मंगरू

नागपूर ते रायपूर या अख्ख्या सडकेवर मजुरांचा विमा उतरवलेला ठेकेदार एकच, आणि तो म्हणजे आपण, असं केवळराम रहांगडाले भेटेल त्याला सांगत असे. कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. सडक अर्जुनीला गुलाबचंद शेठचं धानाचं गोदाम बांधायचा ठेका त्यानं घेतला होता. कामावर, पाण्याच्या रांजणाच्या वर, विम्याचा कागद काचेच्या फ्रेममध्ये लटकत होता. दर सोमवारी केवळराम त्याला हार घालायचा आणि नमस्कारही करायचा.

तो कागद त्याच्या गळ्यात घातला गोंदियाच्या मुन्नालाल एजंटनं. तीस मजुरांची यादी, तीस अंगठे. जाताना त्यानं मुनशी सेवकरामला बजावलं, "मुनशीजी, इस लिस्ट से एक भी नाम कटना नहीं चाहिए. नाम कटा तो समझो बीमा कटा." सेवकराम म्हणजे सांगितलेलं ऐकणारा माणूस. त्यानं ते गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं.

दिवाळीत नवीन धान यायच्या आत शेठला गोदाम हवं होतं, म्हणून भर पावसाळ्यात काम चालू राहिलं. मजूर कुरकुरले. एक तर शेतात धानाच्या रोवणीचे दिवस, त्यात भिंती ओल्या. केवळरामनं फ्रेमकडे बोट दाखवलं.

"कोनाच्या केसाले धक्का लागला, तं कंपनी त्याच्या घराले पाहीन. मी जबान देऊन राहिलो."

जबान दिल्यावर मजूर काय बोलणार? कामाला लागले.

रोज सकाळी सेवकराम छत्री उघडायचा, वहीत नाक खुपसायचा आणि तीस नावं एका दमात म्हणायचा. "हाजिर" ऐकू आलं की खूण. चेहरा बघायची गरज त्याला कधी पडली नव्हती. आणि जंगलाकडच्या गावाहून येणाऱ्या त्या माणसांचा रिवाज असा की, कामावर लागलेलं नाव घराचं. ज्याचं नाव तो रोवणीला गेला तर भाऊ यायचा, भावाला ताप आला तर मेहुणा. नाव मात्र रिकामं जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ती जागा दुसऱ्या घराला जाते. कंपनीच्या यादीत तीस माणसं होती आणि सेवकरामच्या हजेरीत तीस घरं. केवळरामला याचा पत्ताच नव्हता.

श्रावणातल्या एका मंगळवारी पश्चिमेकडची भिंत बसली. एक माणूस खाली गेला. माती उपसून त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

"कोन होता?" हवालदारानं विचारलं.

सेवकरामनं तिथंच वही काढून नावं पुकारली. एका नावाला "हाजिर" आलं नाही. "मंगरू," तो म्हणाला. पंचनाम्यात मंगरू लिहिलं गेलं. भाऊबंद तिथंच उभे होते, पण त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांनी देह उचलला आणि गावाकडे नेला.

केवळरामला दोन दिवस घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी तो धीर करून मंगरूच्या घरी सांत्वनाला गेला. अंगणात खाट टाकली होती. आतून एक माणूस आला आणि त्यानं पाण्याचा लोटा पुढे केला. तो मंगरू होता.

केवळरामच्या हातून लोटा पडला.

"भेऊ नका, मालक," मंगरू म्हणाला. "मी रोवणीले गेलतो. माह्या नावावर माहा काकाचा पोरगा आलता. सुकराम."

"मंग सांगलं काऊन नाही?"

"कोनाले सांगू? मुनशीजी नाव घेते, आमी हाजिर म्हनतो."

कोपऱ्यात सुकरामची बायको दुर्पता बसली होती, मांडीवर वर्षाचं पोर घेऊन. ती रडत नव्हती. केवळरामला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. जबान आपण दिली होती. आता यादीत सुकराम नाही म्हणजे या बाईला काहीच नाही.

मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. कागदावर मंगरूच मेलाय, तर मेलेलाच राहू दे. पैसा मंगरूच्या बायकोला, फुलवंताला मिळेल आणि ती तो दुर्पताला देईल.

"तुले चालन?" त्यानं मंगरूला विचारलं.

"चालन नाही तं काय? थो माह्या जागी मेला. मी साहेबापुरता मेलो तं कोनतं मोठं काम केलं?"

मंगरूनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. केवळराम कागदांच्या मागे गोंदियाला खेपा घालू लागला, आणि भिंत बसल्यापासून दहाव्या दिवशी कंपनीचा साहेब आला. नागपूरचा, सभ्य माणूस. फुलवंता त्याच्यासमोर धाय मोकलून रडली. तिला शिकवावं लागलं नाही, दीर खरंच गेला होता. साहेबानं चष्मा पुसला, पेन काढलं आणि म्हणाला, "शिरस्ता म्हणून हजेरीची वही फक्त दाखवा."

सेवकरामनं अभिमानानं वही पुढे केली.

साहेबानं पान उलटलं. मग परत मागे उलटलं. "मंगरू मंगळवारी गेला ना?"

"होय, साहेब."

"मग बुधवारी हजर कसा? गुरुवारी हजर. शुक्रवारी हजर. मेल्यावर सलग नऊ दिवस हा माणूस कामावर आला!"

"साहेब, आपल्या कामावर खाडा नाही," सेवकराम म्हणाला.

नाव कापायचं नाही म्हणून सेवकराम ते रोज पुकारत होता. नाव रिकामं जाऊ नये म्हणून मंगरूचा मेहुणा रोज "हाजिर" म्हणत होता. दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं.

केवळरामनं तिथल्या तिथं खरं काय ते सांगून टाकलं, अगदी हात जोडून. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. "ठेकेदार, जो मेला त्याचा विमा नाही, आणि ज्याचा विमा आहे तो मेला नाही. मी काय करू?" त्यानं पेनाला टोपण लावलं आणि दुपारच्या मोटारीनं निघून गेला.

दुर्पताला सांगायला केवळराम स्वतः गेला. आपल्या पदरचं देईन म्हणाला, पण पडलेली भिंत उभी केल्याशिवाय शेठ त्याला पैसा दाखवणार नव्हता, हेही त्याला सांगावं लागलं. तिनं सगळं ऐकलं.

"मालक, मंग माहा मानूस कोन्या कागदात मेला?"

केवळराम मान खाली घालून परत आला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवकरामनं छत्री उघडली आणि नावं म्हणायला सुरुवात केली. "मंगरू."

मागून आवाज आला, "हाजिर."

आवाज बाईचा होता. सेवकरामनं जन्मात पहिल्यांदा वहीतून नाक वर काढलं. दुर्पता उभी होती, डोक्यावर टोपली घेऊन. पोराला तिनं रांजणाजवळ, फ्रेमच्या खाली निजवलं होतं.

सेवकरामनं केवळरामकडे पाहिलं.

"खूण कर," केवळराम म्हणाला.

सेवकरामनं खूण केली. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "मालक, पुन्हा काही झालं, तं कोन मेलं म्हनून सांगू?"

केवळराम भिंतीपाशी गेला आणि तिला लावलेला पहिला टेकू दोन्ही हातांनी हलवून पाहिला. मग दुसरा.