मेश्रामकाकांची कोट्ट भाषा

पिपरी मेघेत नळ आले की आम्ही बादल्या घेऊन धावतो. शेजारचे मेश्रामकाका मात्र आधी अंगणात उभे राहतात, घराच्या खिडकीकडे तोंड करतात आणि खणखणीत पुकारतात, "उल!"

उल म्हणजे पाणी. कोट्ट भाषेत. ही सैबेरियातली भाषा. ती बोलणारं शेवटचं माणूस जाऊनही जमाना झाला. काकांनी नोकरीभर वर्ध्याच्या एसटी स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारल्या. आता भाषाही तशाच पुकारतात. "आरिन गेली. असान गेली. पुम्पोकोल बी गेली. साऱ्या एकाच घरच्या. केत तेवढी उभी हाये, तीबी सुटून राह्यली."

मी ऑफिसात डोकं पिकवून घरी येतो. चपला काढायच्या आत कुंपणावरून आवाज येतो. "विलास, नदीले कोट्टमधी शेत, आरिनमधी सत, केतमधी सेस. बहिणी वाटतात का नाई?"

पाय दुखत असतात. मी म्हणतो, वाटतात.

खरं सांगतो, मला राग यायचा. अर्धांगवायूनंतर काकूंची जीभ जड झाली. शब्द वाकडा निघायचा, आलेगेले तो सरळ करून द्यायचे, नातवंडं हसायची. काकूंनी बोलणंच टाकलं. बोलल्या नाहीत तर उरलंसुरलंही जाईल, हे सांगून डॉक्टर थकले. आणि घरात हे असं असताना हा माणूस सैबेरियात.

परवा काकांना आष्टीला मयतीला जायचं होतं. काकूंजवळ मला बसवलं. पिशवी उचलताना म्हणाले, "उल म्हणली तर पाणी देजो. हासू नको."

"काकूंनापण शिकवलं?"

"तिच्यासाठीच तं शिकलो. मराठीत जो तो तिची चूक काढते. या भाषेत चूक काढाले कोण जित्तं हाये?"

ते गेले. दुपार पंख्याखाली रेंगाळत राहिली. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, मीही पेंगायला लागलो होतो. मग त्या वळल्या. बराच वेळ ओठांची जुळवाजुळव केली. निघालं ते उल होतं की आणखी काही, देव जाणे. लगेच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बरोबर," मी म्हणालो आणि पाणी आणलं.

ग्लास रिकामा झाला. काकू पुन्हा तेच म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्यानं. तहान उरलेली नव्हती, ते दिसतच होतं.

मी उठून दुसरा ग्लास भरून आणला.